आजीच्या जागा

अळंबी कुठून आणली हे आमची आजी कुणालाच सांगायची नाही. श्रावणात पाऊस उघडला, दोन दिवस ऊन तापलं, की ती पहाटे कुसगावच्या माळाकडे निघायची आणि चहाच्या वेळेला पदरात काहीतरी बांधून परत यायची. एवढंच आम्हाला माहीत.

ही वारुळावरची अळंबी. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली ठेवलेलं. जमिनीखाली वाळवी पालापाचोळा, लाकूड खाते, विष्ठेचे स्पंजासारखे गड्डे रचते आणि त्यांवर ही बुरशी पोसते. अळंबीचा दांडा मुळासारखा थेट त्या गड्ड्यापर्यंत जातो. त्यामुळे धिंगरीसारखी ती शेडमध्ये पिकवता येत नाही. वाळवी नाही तर अळंबी नाही. आजी वरचं तेवढं खुडायची, कधी उकरायची नाही. लोक उकरतात, म्हणून तर तोंड बंद.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा आजरेकर संग्रह आहे. अशा संग्रहात वाळवलेला नमुना पाकिटात राहतो आणि त्याबरोबर चिठ्ठी: कुठे, कधी, कशावर, कुणी गोळा केला. वाळल्यावर रंग जातो, आकार आक्रसतो. मग चिठ्ठीवर जे लिहिलंय तेवढंच हाती उरतं. दिवसभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या मला हे लगेच पटलं.

दोन वर्षांपूर्वी आजीचे गुडघे गेले. मी लॅपटॉपवर रकाने आखले आणि तिच्यासमोर बसलो. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पयली जागा, तुझा आज्जा बैल बांधायचा त्याच्या वरल्या अंगाला."

आजोबा मी पाहिलेले नाहीत. हे अक्षांश-रेखांशात कसं बसवायचं?

शेवटी तिला गाडीत घालून नेलं. पाच जागांपैकी दोन शाबूत होत्या. दोन तारेच्या कुंपणात गेलेल्या. तिथे बाहेरूनच बोट दाखवलं. पहिल्या जागेवर कुणाच्या तरी बंगल्याचं पार्किंग, वर फरशी. ती काच खाली करून बघत राहिली. मी लॅपटॉप मिटायला लागलो.

"लिव्ह की."

"आता काय लिहू, आजी?"

"व्हती म्हणून लिव्ह."

शेवटची कधी मिळाली, विचारलं. "तुझ्या बापाच्या लग्नाच्या साली. टोपलीभर." मी तारखेच्या रकान्यात 1994 टाकलं.