कुरुंदवाड : सूर्यास्तापूर्वीची यात्रा

कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतचे कुरुंदवाड हे एकेकाळचे पटवर्धनांचे संस्थान. येथे येणाऱ्या कुटुंबाने सकाळी प्रथम खिद्रापूर गाठावे. शिलाहारकालीन कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचे वर्तुळाकार खुले छत पाहून बहुतेक प्रवासी परततात. त्याच गावातील प्राचीन आदिनाथ बस्ती मात्र दर्शनावाचून राहते. जैन कुटुंबानेही तिला वगळून यावे, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट होय. परतताना नृसिंहवाडीत बासुंदी व कवठाची बर्फी अवश्य घ्यावी. पावसाळ्यात नदीच्या पाण्याची चौकशी करूनच निघावे. २०१९ च्या महापुरात हा परिसर जलमय झाला होता. पहाटे प्रस्थान ठेवल्यास सूर्यास्तापूर्वी भोजन होते आणि घाटावरची सायंकाळ निवांत लाभते.