बोरघाटातले हंगामी नगर आणि ॲलिस ट्रेडवेलचा कॅमेरा

डिसेंबर १८५८. पुण्याहून दौंडमार्गे डिकसळपर्यंत आगगाडी धावू लागली. दौंड तालुक्यातल्या कासुर्डी-यवत परिसराने इंजिनाचा धूर पाहिला. मुंबईहून निघालेल्या उतारूला मात्र खोपोलीस गाडी सोडावी लागे, पालखीतून किंवा पायी बोरघाट चढावा लागे आणि खंडाळ्यास दुसरी गाडी धरावी लागे. मधला डोंगर अजून फोडायचा होता.

सुमारे १,८०० फुटांची चढण, पावणेसोळा मैलांचा मार्ग, २५ बोगदे. जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या कामाचे कंत्राट १८५६ पासून फॅव्हिएल या इंग्रजाकडे होते. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला, तो काही आठवड्यांतच मरण पावला.

त्याची पत्नी ॲलिस हिने मायदेशी परतणे कोणालाही वावगे वाटले नसते. तिने कंत्राट स्वतःकडे ठेवले. घाटातला रोजचा कारभार ॲडमसन आणि क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांवर सोपवला. आणि तिने कॅमेरा हाती घेतला.

त्या काळचे छायाचित्रण ही हौसेपेक्षा अंगमेहनतीची बाब होती. प्रचलित रीत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत ते उमटवायचे. सगळा खेळ काही मिनिटांचा. घाटातल्या उन्हात तेवढीही सवड नसे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. नारायण दाजींसारखे एतद्देशीय तीत वावरत होते. पण सुरुंगांच्या धुरळ्यात काचा सांभाळणे हे निराळेच काम.

तिच्या नावावर असलेल्या छायाचित्रांत घाटाचे कडे आहेत, अर्धवट बांधलेल्या कमानी आहेत, उभे राहणारे पूल आहेत. शांत, जवळजवळ निर्मनुष्य वाटावे असे हे जग. येथेच सावध व्हावे. १८६१ च्या सुमारास घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. त्यांत बायका होत्या, पोरे होती. कातळात हातोडीने भोके पाडून दारू ठासली जाई. उभ्या कड्यावर माणूस दोराला लोंबकळत काम करी. फुटलेला दगड टोपल्यांतून डोक्यावरून वाहिला जाई. एवढा जमाव जेथे राहतो, तेथे झोपड्या, बाजार, पाणवठे आणि स्मशाने आपोआप उभी राहतात. हे एका कंत्राटाचे नगरच होते. फरक इतकाच की पाऊस लागला की ते बरेचसे रिकामे होई आणि हिवाळ्यात पुन्हा वसे. पटकीने, तापाने, दरडींनी आणि सुरुंगांनी येथे हजारो बळी घेतले.

ही गर्दी चित्रांत का दिसत नाही? काही दोष तंत्राचा. काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत, त्या अवधीत हलणारा माणूस धूसर डाग होऊन उरे. टोपली वाहणाऱ्या बाईचे चित्र घ्यायचे तर तिला आधी थांबवावे लागे. म्हणजे काम दाखवण्यासाठी कामच बंद करायचे. दुसरे कारण उघड आहे. चित्र पाहणाऱ्यांना कमानीची उंची पाहायची होती. मजूर दिसलाच तर त्या उंचीचे माप म्हणून.

आणि कमान दिसते म्हणून तिच्या आतला चुना दिसतो असेही नाही. याच मार्गावरचा माऊ-की-मल्लीचा पूल १८६७ मध्ये कोसळला.

२१ एप्रिल १८६३ रोजी सर बार्टल फ्रियर यांनी घाटमार्गाचे उद्घाटन केले. बर्कली आदल्या वर्षीच इंग्लंडमध्ये वारले होते. घाटातले ते नगर विखुरले. झोपड्यांची जागा पुन्हा करवंदांच्या जाळ्यांनी घेतली. गाडीची दिशा उलटवण्यासाठी बांधलेले रिव्हर्सिंग स्टेशनही १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर वापरातून गेले. ॲलिसची छायाचित्रे तेवढी टिकली. त्यांतल्या एखाद्या कमानीखाली नखाएवढी आकृती आढळली, तर ती कोणाची, हे तेव्हाही कोणी टिपून ठेवले नव्हते.