वसईच्या कबरस्थानातील एक संध्याकाळ



वसईचे नाव तुम्ही ऐकले असेल ते बहुधा किल्ल्यामुळे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून जिंकला, हे आपण शाळेत शिकलो. वसईची केळीही पुष्कळांना ठाऊक आहेत. पण आज मी तुम्हाला नेणार आहे ते वसईच्या एका कबरस्थानात. नाव ऐकून कचरू नका. तिथे मी जे ऐकले ते आपल्याकडच्या पुष्कळ घरांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

आधी वाट सांगतो. मुंबईहून विरारची लोकल धरावी, वसई रोडला उतरावे आणि पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडावे. स्टेशनाजवळ नुसत्या इमारती दिसतील. हीच का ती हिरवी वसई, असे मनात येईल. पण बसने किंवा रिक्षाने निर्मळ, नंदाखाल, आगाशीच्या बाजूला निघालात की चित्र पालटते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या लागतात. नारळ, केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा, मधल्या वाफ्यांत पालेभाजी. इथे जमीन एकरात नव्हे, गुंठ्यात मोजतात, आणि एक गुंठासुद्धा मोकळा दिसत नाही. पहाटे तोडलेली फुले लोकलने दादरच्या बाजारात जातात.

वाडीत एखादे बावखल दिसले तर जरा थांबून पाहा. बावखल म्हणजे खोलगट तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र जवळ असल्याने विहिरीत खारे पाणी शिरण्याची धास्ती असते, ती बावखलाने कमी होते. बांधकामासाठी अनेक बावखले बुजली, पण जाणती माणसे उरलेली सांभाळतात.

या वाड्यांतले बरेच शेतकरी ख्रिस्ती आहेत. पोर्तुगीज अमलात, म्हणजे सोळाव्या शतकापासून, त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. बोली मात्र मराठीच राहिली. कुणाची सामवेदी, कुणाची वाडवळी. देवाची प्रार्थनाही मराठीतच. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वे मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच भागातल्या नंदाखालचे. त्यांनी सोप्या मराठीत आणलेले 'सुबोध बायबल' इथल्या घरांत आढळते. २०२४ च्या जुलैमध्ये ते वारले.

मी तिथे गेलो होतो फुलशेती पाहण्यासाठी. आमच्या मराठवाड्यातले वीस शेतकरी बरोबर होते. सोनचाफ्याची छाटणी, फुलांची तोड, बाजाराचा हिशेब, सगळे पाहून झाले. मंडळी किल्ला बघायला गेली. मी मात्र ज्यांच्या वाडीत उतरलो होतो त्या म्हाताऱ्या जोडप्याकडेच थांबलो. दिवस होता २ नोव्हेंबर.

दुपार कलल्यावर मावशींनी लाल लुगडे नेसले. परडीत शेवंती, झेंडू आणि घरचा सोनचाफा घेतला, मेणबत्त्यांचा पुडा घेतला. मला म्हणाल्या, "साहेब, आज आमचा मृतांचा दिवस. येता का बरोबर? बसून तरी काय कराल?" मी निघालो.

२ नोव्हेंबरला जगभरचे कॅथलिक लोक आपल्या मृतांची आठवण करतात. ही चाल फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे मठाधिपती ओडिलो यांनी सन ९९८ च्या सुमारास सुरू केली, आणि हळूहळू ती सर्वत्र गेली. या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला मृतांसाठी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे. ही मुभा पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१५ साली दिली. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची अशी माणसे रोज हजारांनी मरत होती.

कबरस्थानात पोहोचलो तर जणू सारा गाव लोटला होता. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला घरोघरी जशी लगबग असते तशीच म्हणा, फक्त इथे ती एका जागी. कोणी कबरेवरचे गवत काढत होते, कोणी क्रूस पुसत होते, लेकरे फुलांच्या पाकळ्या पसरत होती. अंधार पडू लागला तसा एकेका कबरेवर उजेड होत गेला. फादर प्रार्थना म्हणत, पवित्र पाणी शिंपडत रांगेरांगेने फिरत होते.

मावशी एका कबरेशी थांबल्या. क्रूसावरचे वय वाचले, एकतीस. म्हटले, "मुलगा का?"

"धाकटा," त्या म्हणाल्या. मेणबत्ती वाऱ्याने विझली ती पुन्हा लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सहा वर्षं झाली. आपल्या हातानंच गेला, साहेब. आम्हाला कुणाला कळलंच नाही त्याच्या मनात काय चाललंय."

मी गप्प राहिलो. तसल्या वेळी काय बोलावे हे मला या नोकरीत कधीच जमले नाही.

मावशी आपणहून बोलत राहिल्या. त्यांच्या लहानपणी अशाच तऱ्हेने गेलेल्या एकाला भिंतीबाहेर पुरले होते, प्रार्थनेवाचून. त्याची आई त्या भिंतीपाशी उभी राहून रडायची, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून मुलगा गेला तेव्हा त्यांच्या पोटात पहिला गोळा आला तो हा, की माझ्या लेकराला आत घेतील का? आणि इथे घेतले, तरी वर देव घेईल का?

भिंतीबाहेर पुरण्यामागे तेव्हाचा नियम होता. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे, ज्याने जाणूनबुजून स्वतःचा जीव घेतला आणि मरण्यापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दाखवली नाही, त्याला चर्चचा दफनविधी नाकारला जाई. १९८३ साली नवी संहिता आली, तीत हा नियम राहिला नाही. पुढे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात चर्चने आपले म्हणणे उघड मांडले. जीव ही देवाची ठेव आहे, ती आपण मोडू नये, हे चर्च आजही सांगते. पण मनाचा गंभीर आजार, मोठी भीती किंवा असह्य यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, हेही सांगते. अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, त्याला पश्चात्तापाची संधी देण्याच्या वाटा देवाजवळ आहेत आणि त्या त्यालाच ठाऊक, अशी ती शिकवण आहे. अशांसाठी चर्च प्रार्थना करते.

"फादर त्याच रात्री घरी आले," मावशी म्हणाल्या. "ओसरीवर जमिनीवर बसले. मी विचारलं, माझा पोरगा कुठं असेल? ते म्हणाले, मला माहीत नाही, पण कुणाच्या हातात आहे ते माहीत आहे. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली."

ती गोष्ट अशी. फ्रान्समध्ये आर्स नावाच्या खेड्यात जॉन व्हियानी नावाचे धर्मगुरू होते. १८१८ पासून १८५९ साली मरेपर्यंत ते त्या एकाच गावात राहिले, आणि पुढे चर्चने त्यांना संत म्हटले. त्यांच्याकडे एकदा एक विधवा आली. तिच्या नवऱ्याने पुलावरून उडी टाकली होती. ती काही बोलण्याआधीच व्हियानींनी तिला सांगितले की तो वाचला आहे. पुलाचा कठडा आणि खालचे पाणी एवढ्या अंतरात त्याला देवाकडे वळायला वेळ मिळाला. त्यांच्या चरित्रात ही हकीकत सांगतात.

"तेवढं अंतर माझ्या पोरालाही मिळालं असेल ना?" मावशी म्हणाल्या. "मी त्यालाच धरून आहे. तो देवाजवळ पोचला असं मी छातीठोक सांगत नाही. नाही पोचला असं म्हणायला तरी मी कोण? बी पेरल्यावर आपण रोज उकरून बघतो का? पाणी घालतो. मी तशी प्रार्थना घालते."

वाचकहो, ही समजूत नीट लक्षात घ्या. मेल्यावर प्रत्येक जण आपोआप सुखी होतो, असे हे लोक म्हणत नाहीत. देव न्यायी आहे, असेच ते मानतात. पण तो बापही आहे. बायबलात येशूने सांगितलेली एक गोष्ट आपल्याला सहज कळेल. द्राक्षमळ्याचा धनी सकाळी मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना चौकात रिकामे उभे असलेलेही बोलावून घेतो. संध्याकाळी मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. धनी त्यांना विचारतो, ठरलेले तुम्हाला मिळाले, मग माझे औदार्य तुमच्या डोळ्यांत का खुपावे? येशूबरोबर क्रूसावर टांगलेल्या एका चोराने तर अखेरच्या घटकेला तोंड उघडले, आणि त्यालाही येशूने स्वर्गाचे वचन दिले. हा उशिरा आलेल्यांना आत घेणारा धनी, ही त्यांची आशा. त्याच्यापाशी पोचण्याआधी आत्मा शुद्ध व्हावा लागतो आणि त्या वाटेवर जिवंतांच्या प्रार्थनेची मदत होते, असे कॅथलिक मानतात. प्रॉटेस्टंट पंथांत मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल साधारणपणे नाही. देवाच्या दयेवर भिस्त मात्र दोघांचीही.

मावशी बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरेच घर उभे होते.

आपल्या भागात शेतकऱ्याने जीव दिला की पंचनामा होतो, चौकशी होते, हे तुम्ही जाणता. जमीन नावावर होती का, कर्ज होते का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहतात आणि मग प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते. पात्र ठरले तर घरच्यांना शासनाची मदत मिळते. चार वर्षांपूर्वी एका गावात माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याचे प्रकरण अपात्र ठरले. जमीन वडिलांच्या नावावर होती आणि कर्ज हातउसने, कागद नसलेले. ही बातमी त्याच्या बायकोला सांगायचे काम माझ्याकडे आले. तिने पैशाबद्दल एक शब्द विचारला नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, म्हणजे ते मेले तेही चुकीचंच ठरलं का?"

मी काही उत्तर दिले नाही. त्यानंतर त्या गावात गेलो, तरी त्या घरावरून जायचे टाळत आलो.

कबरस्थानात उभे राहून मला वाटले, मावशींनी विचारले तेही हेच होते. माझे लेकरू पात्र की अपात्र? आणि त्यांच्या धर्माने त्यांना सांगितले की तो रकाना भरणे माणसाच्या हाती नाही. माणसाने फुले न्यावी, दिवा लावावा, नाव घ्यावे. मी हिंदू आहे, त्यांचा विश्वास काही माझा नाही. पण तुमची श्रद्धा कोणतीही असो, गेलेल्या माणसाचा निवाडा आपण करू नये, एवढे तर आपल्या कुणालाही जमेल.

निघताना मावशींनी शेजारच्या एका उघड्या कबरेवर उरलेली मेणबत्ती लावली. म्हणाल्या, "याचं कुणी राहिलं नाही."

परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या घरी गेलो. बाई कापूस वेचून नुकत्याच आल्या होत्या. मुलगी आता नववीत आहे. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ते माझ्या ध्यानात आहे. कागदावर जे लिहिलं ते मदतीपुरतं होतं. त्यांच्याबद्दल ते काहीच सांगत नाही." त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग आत जाऊन त्यांनी त्याचा फोटो आणला, पुसला, आणि माझ्यासमोर ठेवला. त्याने लावलेल्या लिंबाच्या झाडाविषयी, बैलाला घातलेल्या नावाविषयी त्या सांगू लागल्या. चार वर्षांत कुणी त्याचे नाव काढले नव्हते, असे म्हणाल्या. दुसऱ्यांदा चहा झाला.

तुमच्या गावात असे घर असेल तर वाट वाकडी करू नका. जा, बसा, गेलेल्याचे नाव घ्या. आणि जिवंतांपैकी कोणी गप्प गप्प राहू लागला, जेवणाखाण्यातून, कामातून मन काढू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. सरळ विचारा. 'टेली-मानस' ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६. तिथे दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. हा आकडा खताच्या दुकानात, दूध डेअरीवर, पारावर लिहून ठेवा.

वसईला जाल तेव्हा किल्ला पाहाच. तिथल्या पडक्या चर्चमध्ये जुन्या पोर्तुगीज कबरींच्या शिळा आहेत, त्यांवर नावे कोरलेली आहेत. आणि दिवस २ नोव्हेंबरचा असेल तर संध्याकाळी वाड्यांतल्या एखाद्या कबरस्थानाकडे वळा. कडेला उभे राहिलात तर कोणी काही म्हणत नाही. परडीत चार फुले असली तर बरे. ज्याचे कुणी राहिले नाही अशी एखादी कबर तिथे असतेच.