ऑगस्टचं पान

सकाळी वाण्याकडे गूळ घ्यायला गेलो, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात ऑगस्टच्या पानावर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. खालून वर चढणारे ढग. मिनिटभर कौतुकानं पाहत राहिलो. मग उजव्या कोपऱ्यातली कारवीची वाकडी फांदी दिसली आणि चमकलो. अरे, हा तर माझाच फोटो! ना नाव, ना विचारणं.

घरी येऊन कायदा चाळला. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणाराच त्याचा कर्ता. नोंदणीची सक्ती नाही. हक्क कर्त्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षं राहतो. म्हणजे माझ्यानंतरही! गंमत पुढेच आहे. कुणी मोबदला देऊन स्वतःच्या लग्नाचे फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क त्या गिऱ्हाइकाचा. मला कुणी दमडी दिली नव्हती, म्हणून मी पुरता मालक.

राग मात्र दुपारपर्यंतच टिकला. आठवत राहिली ती पहाट: पाचनईहून अंधारात चढलेली वाट, भिजलेले मोजे, कॅमेऱ्यावर छत्री धरून कुडकुडणारा मित्र, आणि धुकं अचानक फाटलं तेव्हा दोघांच्याही तोंडून न फुटलेला शब्द. क्लिक करायचंच विसरलो होतो. छापला गेलेला फोटो त्यानंतरचा, खरं तर जरासा उशिराचा.

संध्याकाळी छापणाऱ्याला पत्र टाकलं. पुढच्या खेपेला विचारा, नाव छापा आणि दोन कॅलेंडरं पाठवा. एक मित्रासाठी.