उदबत्तीतला ऊद

उदबत्ती म्हणा की अगरबत्ती, वस्तू एकच. पण या दोन्ही नावांत एकच झाड लपलंय, हे ठाऊक आहे? आपण ज्याला अगर म्हणतो, त्यालाच अरबी भाषेत ऊद म्हणतात. आपल्या रोजच्या उदबत्तीत ते महागडं लाकूड सहसा नसतं, नाव तेवढं राहिलं!

ते झाड बघायला मी आसामात गेलो. गुवाहाटीहून आगगाडीनं होजाईला उतरलो. अगर-अत्तराच्या धंद्याचं हे नावाजलेलं गाव. यजमानांनी परसातलं एक सरळसोट झाड दाखवलं. मी खोडाला नाक लावलं. छे! काहीच वास नाही.

यजमान हसले. "निरोगी झाडाला वास नसतोच. त्याला आधी जखम व्हावी लागते."

एक अळी खोड पोखरते. त्या भोकांतून बुरशी आत शिरते. मग स्वतःला वाचवायला झाड गडद राळ तयार करतं. ती मुरलेलं काळपट लाकूड म्हणजे ऊद. त्याच्या ढलप्या भिजवून दिवसच्या दिवस उकळतात, तेव्हा कुठे थोडंसं तेल हाती लागतं.

परसात लांबट काजी लिंबंही लागली होती. यजमानांनी कागदाच्या पट्टीवर उदाच्या तेलाचा थेंब टाकला आणि वर लिंबाची साल पिळली. आधी नुसतं लिंबूच! ताजं, खोडकर. पण ते लवकरच पळालं. लिंबाच्या वासाचे कण हलके, भुर्रकन उडतात. उदाचे जड. तो सावकाश पुढे आला. जुन्या लाकडी पेटीसारखा, जरा धुरकट, जरासा गोठ्यासारखासुद्धा! दुसऱ्या दिवशीही पट्टीला त्याचा वास होता.

कालिदासानं 'रघुवंशा'त कामरूपातल्या, म्हणजे याच मुलखातल्या, काळ्या अगरूच्या झाडांचा उल्लेख केलाय. आता रानात ती फार थोडी उरलीत. कुठल्या खोडात राळ आहे, ते बाहेरून नीट कळत नाही. माणसं झाडामागून झाड तोडत गेली. कित्येक खोडं आतून कोरीच निघाली! १९९५ पासून या झाडाच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं आहेत. म्हणून लोक आता ते परसात, मळ्यात लावतात.

निघताना यजमानांचा नातू एका गुडघाभर रोपाला पाणी घालत होता.

"याचं अत्तर कधी रे निघणार?" मी विचारलं.

"मी मोठा झाल्यावर," तो म्हणाला, "आणि अळी आली तर!"