जिप्सी, चार इंच आणि स्पितीची वाट

मनालीहून स्पितीला जायचे ठरले आणि आमच्याकडे नकाशाच्या आधी मोजपट्टी बाहेर आली! चंदीगडला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या दिराने बारा वर्षे वापरलेली मारुती जिप्सी नुकतीच विकत घेतली होती. फोनवर तो रोज एकच सांगायचा, "वहिनी, गाडी चार इंचांनी उचलून घेतो. मग नाला असो की दगड, आपल्याला काय!"

गाडी उचलणे म्हणजे स्प्रिंगा किंवा पाटे बदलून गाडीचा सांगाडा चाकांच्या दांड्यापासून अधिक वर नेणे. ऐकायला छान वाटते. पण गाडीसाठी आम्ही बाजूला काढले होते फक्त चाळीस हजार रुपये आणि सोबत येणार होत्या गुडघे दुखणाऱ्या सासूबाई.

आम्ही पुण्याहून चंदीगडला पोहोचलो आणि दुसऱ्याच दिवशी मनीमाजराच्या मोटार मार्केटमध्ये गेलो. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी आधी विचारले, "जाणार कुठे आणि बसणार कोण?" मग दिराला गाडीखाली वाकायला लावून त्यांनी मागच्या दांड्याच्या मधोमध असलेला लोखंडी गोळा दाखवला. हाच डिफरन्शियल. दगडावर आधी घासतो तो हाच. जिप्सीचा हा दांडा थेट चाकांना जोडलेला असतो. त्यामुळे सांगाडा चार इंच उचला की सहा इंच, गोळा जागचा हलत नाही! तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे आणि तोही निम्माच. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला, तर गोळा वर जातो एक इंच.

मग गाडी उचलून मिळते तरी काय? मोठ्या टायरला जागा मिळते, पुढचा बंपर चढावर टेकत नाही, सायलेन्सर वाचतो. पण चार इंच उचलायची, तर लांब शॉकअॅब्सॉर्बर हवेत, ब्रेकचे पाइप अपुरे पडतात, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, स्टिअरिंगचा तोल नव्याने साधावा लागतो. वजन वर गेल्याने वळणावर गाडी अधिक कलते, ते वेगळेच. मिस्त्रींचा हिशेब लाखाच्या पुढे गेला. दोन इंचांवर भागवले, तर यातली बरीच कामे टळतात, म्हणून बेताच्या खर्चात बहुतेक हौशी मंडळी तिथेच थांबतात.

शिवाय कायदाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेहून वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. अशी गाडी तपासणीत अडकू शकते आणि अपघात झाला तर विम्याचाही वाद होऊ शकतो.

दिराचा चेहरा उतरला. तेव्हा मिस्त्रींनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. उजवी बाजू डावीपेक्षा जवळजवळ एक इंच खाली! वर्षानुवर्षांच्या ओझ्याने पाटे बसले होते. आम्हाला नवी उंची नकोच होती, गेलेली उंची परत हवी होती. पाट्यांना पुन्हा बाक दिला, एक तुटका पाटा बदलला, बुश आणि शॉकअॅब्सॉर्बर नवे घातले, मूळ मापाचेच पण खोल नक्षीचे टायर बसवले. चाळीस हजारांत सगळे भागले.

मनालीच्या पुढे २०२० मध्ये सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा पार केला की लाहौल लागते. ग्राम्फूला स्पितीकडे वळलो आणि डांबर संपले. एका बाजूला चंद्रा नदी, दुसऱ्या बाजूला सरळ तुटलेला कडा आणि मध्ये गोट्यांचा रस्ता. छत्रूच्या पुढे एका नाल्याशी आम्ही पोहोचलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. उन्हाने वरचे बर्फ वितळून पाणी फुगले होते. आमच्यापुढे एक चांगली उंच उचललेली जीप उभी होती, तिचा चालकही हात चोळत होता. पाण्याखालचा दगड दिसत नाही, तिथे इंच काय कामाचे! एका स्थानिक सुमोवाल्याने सांगितले, "सकाळी या." आम्ही मागे फिरून छत्रूच्या ढाब्यावर मुक्काम केला. सकाळी सहाला तोच नाला पोटरीइतका झाला होता. दिराने आधी चालत जाऊन वाट पाहिली, मग फोर व्हील लावून, पहिल्या गिअरमध्ये, न थांबता गाडी पलीकडे काढली. आमच्या मागून एक साधी अल्टो टॅक्सीही आली!

साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंडीत देवीच्या मंदिराला गाड्या प्रदक्षिणा घालतात. आम्हीही घातली. सासूबाई दर थांब्यावर घरून आणलेल्या लाकडी पाटावर पाय देऊन उतरत. दीर हसून म्हणाला, "आई, चार इंच उचलली असती, तर दोन पाट लागले असते."

तुम्ही जाणार असाल तर:

* कुंझुम खिंड साधारण जून ते ऑक्टोबर खुली असते. निघण्यापूर्वी मनालीत रस्त्याची चौकशी करा.
* नाले सकाळी लवकर ओलांडा.
* घरात वडीलधारे असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. सिमला-किन्नौरमार्गे गेल्यास उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते.
* गाडीवर खर्च करताना क्रम असा ठेवा: ब्रेक, टायर, पाटे, शॉकअॅब्सॉर्बर. उंचीचा विचार शेवटी.

काझाला पोहोचल्यावर दिराने गाडीखाली वाकून पाहिले. गोळ्यावर दोन नवे ओरखडे होते, तेवढेच. उरलेल्या पैशांतून सासूबाईंनी स्वतःसाठी एक लोकरी शाल घेतली.