‘काही लागलं तर सांग’

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाल्याचं कळलं, त्या रात्री मी दोनपर्यंत नेटवर वाचत बसले. जर्नालिस्ट ना! सकाळी फोन करून म्हटलं, ‘मावशी, काही लागलं तर सांग हं.’

ती म्हणाली, ‘अगं, आता तेही मीच सांगू? तूच ये की.’

गेले. दर 21 दिवसांनी केमो. त्याआधी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी कमी भरल्या, तर डोस पुढे ढकलतात. रिपोर्ट आणणं आणि फाइल सांभाळणं माझ्याकडे आलं. तिला फोडणीचा वास सोसेना, म्हणून मऊ भात, वर लिंबू. केस गळायला लागले, तेव्हा धीराचं एकही वाक्य सुचलं नाही. ‘बरं झालं,’ ती म्हणाली, ‘भाषण नको, टीव्ही लाव.’ आम्ही सिरियल बघितली.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या मित्राच्या बाबांची परळला, टाटा हॉस्पिटलमध्ये केमो सुरू झाली. ‘काही लागलं तर...’ असं टाइप केलं, खोडलं. मग लिहिलं, ‘गुरुवारी मी मोकळी आहे. बाबांजवळ मी बसते, तू घरी जाऊन झोप काढ.’

दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘किती वाजता येतेस?’